कागदाची मागची बाजू

हे सुरू झालं २०१९ च्या जुलैत आणि संपलं २०२० च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मध्ये जेमतेम सहा महिने. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते आणि मद्रासला येऊन मला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. चेन्नई म्हणायची सवय मला कधी लागली नाही.

माझे यजमान बाळकृष्ण मद्रासजवळ आवडी नावाच्या गावी संरक्षण कारखान्यात होते. १९७२ साली लग्न करून मी सांगलीहून आले ती इथलीच झाले. तमिळ बोलायला शिकले. भाजीवालीशी वाद घालता येईल, रिक्षावाल्याला गप्प करता येईल, शेजारी कुणी वारलं तर चार शब्द बोलता येतील, इतपत. वाचायला मात्र शिकले नाही. बसवर आकडे असतात, औषधावर इंग्रजी असतं, पत्रिका कुणीतरी वाचून दाखवतं. गरजच पडली नाही, असं मी सगळ्यांना हसत सांगत असे. सांगताना त्यात थोडी ऐटही असायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

यजमान गेल्यावर मी मुलाकडे, नंगनल्लूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दर्शन गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात होता. पहाटे निघायचा, तो दिवे लागल्यावर घरी. सून कृष्णवेणी बँकेत. ती तंजावरच्या मराठ्यांतली. तिच्या माहेरी तीनशे वर्षांपूर्वीची मराठी तमिळच्या चालीवर बोलतात. लग्न ठरलं तेव्हा मी खूश झाले होते, मराठी सून मिळाली म्हणून. पहिल्या दिवशी ती मला काहीतरी म्हणाली, त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि माझं निम्मं तिला. मग आम्ही दोघींनी मधला रस्ता काढला.

त्यांची एकुलती एक मुलगी शरण्या. तेव्हा अकरावीत. सोळा वर्षांची, हाडकुळी, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर कायम शाईचा डाग. घरात मराठी, बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी. मनातलं लिहायचं झालं की तमिळ. देवनागरी तिला शाळेतल्या हिंदीमुळे येत होती, पण सावकाश, एकेक अक्षर लावत.

तिनं डॉक्टर व्हावं हा कृष्णवेणीचा ध्यास होता. तो उगाच नव्हता. कृष्णवेणी स्वतः अभ्यासात हुशार, पण ती बारावीत असताना वडील गेले आणि तिला बँकेच्या परीक्षेला बसावं लागलं. काउंटरवर बसून तिनं वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या शिक्षणाचे फॉर्म तपासले. त्यामुळे शरण्याला गिंडीच्या एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये घातलं, त्यावर घरात कुणी चर्चाही केली नाही. दर शनिवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन.

जुलैतल्या एका शनिवारी ती घरी आली आणि दप्तरातून एक चिमुकली वही काढून माझ्या हातावर ठेवली. तळहाताएवढी, आठ पानांची. प्रत्येक पानावर काळ्या पेनानं काढलेली मांजरं. कुठे मांजराच्या अंगावर तारखेच्या कॅलेंडरचा फाटका आकडा चिकटवलेला, कुठे रेल्वेचं तिकीट.

"हे काय गं?"

"झीन."

"म्हणजे?"

"म्हणजे असंच, आजी. आपण लिहायचं, आपण काढायचं, आपणच घडी घालायची. विकायचं नाही. कुणी त्याचं दिलं तर आपण आपलं द्यायचं."

मी वही उलटसुलट केली. ना टाका, ना पिन. तिनं मला उलगडून दाखवलं. एकच मोठा कागद. तीन घड्या घालायच्या, उलगडून मधोमध एक चीर द्यायची, आणि दोन्ही टोकं धरून आत ढकलली की आठ पानं आपोआप उभी राहतात. लिहायचं ते कागदाच्या एकाच बाजूला. मागची बाजू घड्यांच्या आत दडून जाते.

"अगं, हे तर आमचं हस्तलिखित," मी म्हटलं.

सांगलीला आमच्या शाळेत दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं. ज्यांचं अक्षर चांगलं त्या मुली सगळ्यांचे लेख उतरवून काढायच्या, चित्रं काढणाऱ्या मुली समासात वेलबुट्टी घालायच्या. प्रत एकच. ती पाळीपाळीनं घरोघरी फिरायची. आमच्या घरी आली की वडील हात धुऊन वाचायला बसत. नववीत मी त्यात एक लेख लिहिला होता, आमच्या गल्लीतल्या कल्हईवाल्यावर. वडिलांनी तो दोनदा वाचला. पुढे लग्न झालं, आणि माझं लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरची पत्रं.

हे सगळं मी शरण्याला सांगितलं. ती गुडघ्यात हनुवटी खुपसून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आजी, मग तू माझी सीनियर."

त्या दिवसापासून दुपारची तासभर तरी ती माझ्या खोलीत असायची. ती काढायची, मी घड्या घालायचे. घडीवर चमच्याची पाठ ओढली की कड कशी धारदार बसते, हे तिला मीच शिकवलं. मी जुन्या साड्यांची लेबलं जपून ठेवली होती, ती दिली. तिनं मला नियम सांगितला, "चूक झाली तर खोडायची नाही. चुकीचं काहीतरी करायचं." शाईचा थेंब पडला की ती त्याचा कावळा करायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सव्वानऊला माझ्या मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजीत होता. तुमची पाल्य शरण्या आज वर्गात गैरहजर आहे. क्लासच्या फॉर्मवर पालकांच्या नंबराच्या जागी पोरीनं माझा नंबर लिहून ठेवला होता.

मी तो मेसेज तीनदा वाचला. अडीचला ती घरी आली. पायरीवर चपला काढता काढता माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "हात धू. पान वाढलंय." एवढंच. मग दार लावून घेतलं आणि मेसेज पुसून टाकला.

पुढच्या शनिवारी पुन्हा आला. पुन्हा पुसला. डिसेंबरपर्यंत असे चौदा मेसेज आले. आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. ती कुठे जाते हे मला माहीत नव्हतं, पण घरी येताना तिच्या दप्तराला खळीचा वास असायचा आणि चेहरा न्हाऊन आल्यासारखा असायचा. मी स्वतःला म्हणायचे, पाच दिवस शाळेत घासते आहे, एक दिवस श्वास घेऊ दे. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. कुणीतरी मला आपल्या बाजूची समजत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला तिनं मला एक झीन दिलं. वरती नाव, "आजीचे शब्द". आत प्रत्येक पानावर माझ्या तोंडचा एक शब्द, देवनागरीत, शिरोरेषा जरा तिरकी, आणि खाली चित्र. "लगबग" म्हणून दर्शनचे पहाटेचे बूट, एक उभा, एक आडवा. "चुळबूळ" म्हणून जेवणाच्या टेबलाखाली कृष्णवेणीची पावलं, एकावर एक. "हुरहूर" म्हणून गॅलरीतली यजमानांची वेताची खुर्ची, रिकामी, पण बैठकीला खोलगट खड्डा पडलेली. मी त्या पानावर बराच वेळ थांबले.

"एकच प्रत आहे," ती म्हणाली. "तुझी."

मी झीन उलगडायला गेले तर तिनं माझा हात धरला. "मागची बाजू माझी आहे, आजी."

"बरं बाई. नाही बघत."

"बघितलंस तरी काय. तमिळमध्ये आहे." ती हसली. "तमिळ शिक, मग वाच."

"या जन्मी तर जमायचं नाही."

"मग पुढच्या जन्मी. मी थांबते."

मी ते झीन कपाटात, यजमानांच्या घड्याळाच्या डबीत ठेवलं.

आता हळदीकुंकवाचं सांगते. आमच्या भागात मराठी बायका तीस-पस्तीस. निम्म्या माझ्यासारख्या, नवऱ्याच्या नोकरीमागून आलेल्या. कुणाचे यजमान रेल्वेत, कुणाचे बँकेत. निम्म्या तंजावरच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. संक्रांतीचं वाण हा आमच्यात चुरशीचा विषय. मी इतकी वर्षं डबे, गाळणी, कुंकवाच्या कुयऱ्या लुटल्या. त्या वर्षी शशिकला नावाच्या एक बाई मला देवळात म्हणाल्या, "सुनंदाबाई, यंदा तरी प्लास्टिक नको हं. माझ्याकडे तुमचेच सात डबे आहेत."

ते मला लागलं. घरी येऊन विचार करत बसले आणि घड्याळाची डबी उघडली. वाटलं, असं वाण आजवर कुणी लुटलं नसेल. हस्तलिखितच की. आणि लेखिका माझी नात. वाण हातात पडलं की बायका विचारतील, कुणी केलं हो हे, आणि मी आत हाक मारीन, शरण्या, बाहेर ये बघू. तिची आई तिथे असेल. बायका कौतुक करतील, तिच्या आईला कळेल पोरीच्या हातात काय आहे. हा सगळा देखावा मी मनात इतक्यांदा पाहिला की पोरीला विचारायचं राहून गेलं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत असे. राहून गेलं नव्हतं. विचारलं तर ती नाही म्हणेल, हे मला ठाऊक होतं.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. कागद उलगडून काचेवर ठेवला. दुकानदारानं विचारलं, "अम्मा, एक साइड की दोन्ही?"

तिथे मी क्षणभर थांबले, हे मला स्वच्छ आठवतं. मागची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रेघा, चौकोन, आगगाडीचे रूळ, आणि त्यांच्या भोवती ती गोल गोल अक्षरं. सुंदर दिसत होतं. एकाच बाजूला छापलं तर मागं पांढरंफटक राहील, उघडल्यावर दरिद्री दिसेल, असं वाटलं. आणि त्या अक्षरांचं काय, ती मला कुठे वाचता येत होती. मला वाचता येत नाही म्हणजे ती जणू वेलबुट्टीच. सत्तेचाळीस वर्षं ज्या गावात मी राहत होते, त्या गावात तमिळ वाचणारं कुणीच नाही, अशा तऱ्हेनं मी म्हणाले, "दोन्ही. छत्तीस प्रती."

तीन दुपारी दार लावून, चमच्याची पाठ ओढत मी छत्तीस प्रती घडवल्या.

हळदीकुंकू रविवारी होतं, एकोणीस जानेवारीला. पाच वाजता मी शरण्याला गजरे आणायला पिटाळलं. तिच्या माघारी वाण वाटून व्हावं, ती परत येते तो सगळ्यांच्या हातात तिचं पुस्तक, असा माझा बेत. बायका आल्या, सतरंजीवर बसल्या. कृष्णवेणी तिळाच्या वड्यांचं ताट फिरवत होती. मी हळदकुंकू लावत गेले आणि एकेकीच्या हातात झीन ठेवत गेले.

"अय्यो, काय गोड केलंय."

"हे बूट दर्शनचेच. बघितल्याबरोबर ओळखले."

"सुनंदाबाई, तुम्ही खरंच लगबग लगबग म्हणता हो."

मी फुलून गेले होते. शेजारच्या विजयालक्ष्मी माझ्या अगदी जवळ बसल्या होत्या. त्या तंजावरच्या, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोलणं जुन्या वळणाचं. त्यांनी झीन हातात धरून वास घेतला आणि म्हणाल्या, "हें आमच्या शरण्यानें केलें? हात बरा आहे हो पोरीचा."

तेवढ्यात शशिकलाबाईंना कागद उलगडता येतो याचा शोध लागला. "अगं, मागं पण आहे की." त्यांनी पूर्ण कागद मांडीवर पसरला. त्यांचं बघून शेजारणीनं उलगडला. मग सगळ्यांनीच. तंजावरच्या बायका वाचू लागल्या, कारण त्यांना मराठीपेक्षा तमिळच लवकर वाचता येत होतं, आणि इतर बायकांना त्या वाचून सांगू लागल्या. खोलीत आधी हसू आलं. मग ते एका कोपऱ्यातून थांबत थांबत माझ्यापर्यंत आलं.

"कृष्णवेणी," कुणीतरी मजेनं म्हणालं, "तुझी पोर गिंडीला उतरत नाही वाटतं. सरळ एग्मोरला जाते."

कृष्णवेणीनं ताट खाली ठेवलं नाही. एका हातात ताट, दुसऱ्या हातात कागद, अशी उभ्यानं ती वाचत राहिली. वड्या ताटाच्या एका कडेला घसरत गेल्या.

तो नकाशा होता. घराजवळच्या पळवंतांगल स्टेशनला गाडीत बसायचं, गिंडीला खिडकीतून क्लासच्या पाटीला हात करायचा, आणि एग्मोरला उतरायचं. स्टेशनमागच्या एका जुन्या घराची गच्ची. तिथे श्रीरंजनी नावाची एक चित्रकार बाई शनिवारी मुलामुलींना गोळा करून झीन करायची. किती शनिवार, त्या दिवशी काय काढलं, सगळं तारखांसकट. हे मला तेव्हा विजयालक्ष्मींनी हळूच सांगितलं. इतकंच सांगितलं.

बायका लवकर उठल्या. कुणी ओटी घेतली, कुणी विसरली. दर्शन खाली कुणाशी गप्पा मारत होता, तो वर आला. विजयालक्ष्मी आणि शशिकलाबाई चपला शोधत होत्या. कृष्णवेणीनं कागद त्याच्या हातात दिला. तो दिव्याखाली जाऊन सावकाश वाचू लागला. त्याच वेळी दार ढकलून शरण्या आत आली, केळीच्या पानातला गजऱ्यांचा पुडा हातात घेऊन. तिनं सतरंजीवरचे उघडे कागद पाहिले. एक तिच्या पायाशीच होता.

कृष्णवेणी ओरडली नाही. "किती दिवस?" एवढंच विचारलं. शरण्या माझ्याकडे पाहत होती. राग नव्हता त्या बघण्यात. ती वाट बघत होती.

दर्शननं कागदावरून मान वर केली. "आई, तुला माहीत होतं?"

"काय रे?"

"ही क्लासला जात नव्हती ते."

खोलीत सहा माणसं होती. मी चौदाही मेसेज पुसले होते. म्हातारपणी मुलाच्या घरात राहणारी बाई, आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "नाही रे बाबा. मला काय कळणार त्यातलं."

दर्शननं पुन्हा कागदाकडे पाहिलं. "नीट आठवून सांग, आई."

"सांगितलं ना. नाही."

त्यानं कागदाची घडी घातली. शरण्यानं गजऱ्यांचा पुडा देवापुढे ठेवला, चपला जागेवर लावल्या आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारपासून दर्शन तिला स्कूटरवर गिंडीला सोडू लागला, त्यासाठी त्यानं कारखान्यातली पाळी बदलून घेतली. पेनं, खळ, कात्री, सगळं एका खोक्यात घालून तिनं स्वतःच माळ्यावर टाकलं. कुणी सांगितलंही नव्हतं. दोन दिवसांनी घड्याळाच्या डबीतलं मूळ झीनही नाहीसं झालं. ती माझ्याशी बोलायची. आजी, पाणी हवं का. आजी, तुझा फोन वाजतोय. माझ्या खोलीत मात्र दुपारची पुन्हा आली नाही.

विजयालक्ष्मी मात्र घरोघरी गेल्या आणि वाटलेल्या प्रती परत मागून आणल्या. "पोरीची चीज आहे, द्या बाई," म्हणत. एकतीस मिळाल्या. त्यातली एक मी ठेवून घेतली.

फेब्रुवारीत मी एकटी एग्मोरला गेले. जिना चढता चढता दोनदा बसावं लागलं. श्रीरंजनी पस्तिशीची, केस बारीक कापलेली बाई. गच्चीवर पत्र्याखाली एक लांब टेबल, आणि दोरीवर चिमटे लावून झीनं टांगलेली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. मी तमिळमध्ये सांगितलं, मी शरण्याची आजी, चूक माझी, तिला काही म्हणू नका.

"तिला मी कशाला म्हणू, पाटी," ती म्हणाली. पाटी म्हणजे आजी. "पण इथे आम्ही दुसऱ्याचं झीन न विचारता छापत नाही. तो एकच नियम आहे."

"मला माहीत नव्हतं."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "मागची बाजू तुम्ही वाचलीत?"

"मला वाचता येत नाही."

तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मग कॉफी घ्या," म्हणाली. निघताना तिनं मला तिघाचौघांची झीनं दिली. बदल्यात द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात सगळं बंद झालं. सगळे घरात. दर्शन घरात, कृष्णवेणी एक दिवसाआड बँकेत, शरण्याचा क्लास कॉम्प्युटरवर. विजयालक्ष्मींचं आणि आमचं दार समोरासमोर. दोघी आपापल्या उंबऱ्याच्या आत खुर्च्या टाकून बसायचो. एक दिवस मी म्हटलं, "मला तमिळ वाचायला शिकवा."

"आतां? बहात्तराव्या वर्षीं?"

"आता."

त्यांनी त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर चार अक्षरं काढली आणि काठीनं माझ्याकडे सरकवली. रोज चार. मी त्यांना कागद दाखवून गिरवायचे, त्या पलीकडून मान हलवायच्या. जून महिन्यात मला दुकानांच्या पाट्या लागू लागल्या. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्राचे मथळे. मी म्हटलं, आता ते झीन काढू का. त्या म्हणाल्या, "थोडें थांबा. अजून अडखळतां तुम्ही." सप्टेंबरातही तेच. नवरात्रातही तेच. मला वाटायचं, चांगल्या मास्तरीणबाई आहेत.

शेवटी दिवाळीच्या पाडव्याला, झीन मिळालं त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, मी न विचारता ते काढलं आणि खिडकीत बसले. पळवंतांगल लागलं. गिंडी लागलं. एग्मोर लागलं. तारखा, गच्ची, श्रीरंजनीचं नाव, एका मांजराचं नाव. मग माझं बोट खाली डाव्या कोपऱ्यात आलं. तिथे आमचं घर काढलं होतं, दुसरा मजला, गॅलरीत वेताची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी मोबाइल हातात धरलेली एक ठेंगणी बाई. तिच्या भोवती चार ओळी होत्या. मी एकेक अक्षर लावत वाचलं.

इथे मेसेज येतो. आजी वाचते. आजी पुसते. आजी कुणाला सांगत नाही.

त्याखाली, बारीक अक्षरात: या घरात माझी एक साक्षीदार आहे.

मी कागद घेऊन समोरच्या दाराशी गेले. विजयालक्ष्मी उठून उभ्या राहिल्या. हातातला कागद पाहूनच त्यांना समजलं.

"तुम्ही हे वाचलं होतं?"

"सगळ्यांनींच वाचलें होतें, सुनंदाबाई."

"दर्शननं?"

"त्यानें तुम्हाला दोनदां विचारलें," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी शरण्याच्या खोलीत गेले. ती पुस्तकं उघडून बसली होती. मी उभ्यानं तिला त्या चार ओळी तमिळमध्ये वाचून दाखवल्या. एका जागी अडले. तिनं वर न बघता तो शब्द सांगितला. मी पुढे वाचलं. वाचून झाल्यावर म्हटलं, "मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

"हो, आजी."

"तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तू बोलशील असं वाटलं होतं." मग तिनं पान उलटलं. "तुझं वाचन छान झालंय. खरंच. आता मला हा धडा संपवायचाय."

त्यानंतर पाच वर्षं झाली. कृष्णवेणीनं गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिनं माझ्यावर राग धरला नाही. ती मला एकदाच म्हणाली, "आई, तुम्ही हो म्हटलें असतें तर मी तुमच्याशी भांडलें असतें. पोरीशी नाही." दर्शन अजून गुम्मिडिपूंडीला जातो. त्या संध्याकाळचा विषय आमच्यात कधी निघत नाही. श्रीरंजनीची गच्ची बंदीच्या काळात गेली, घर पाडून तिथे लॉज झालं. ती पाँडिचेरीला असते असं ऐकलं. शशिकलाबाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि जाण्याआधी माझे सात डबे मला परत देऊन गेल्या. विजयालक्ष्मी दोन वर्षांपूर्वी मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत वारल्या. त्यांच्या तेराव्याची पत्रिका मी स्वतः वाचली, कुणाची मदत न घेता.

शरण्या दाताची डॉक्टर होते आहे. सेलमला असते, शेवटच्या वर्षाला. हुशार आहे, शिक्षक नावाजतात. सुट्टीत येते, माझी कवळी तपासते, चांगली काळजी घेते. बोटावर शाईचा डाग नसतो. माळ्यावरचं खोकं अजून तिथेच आहे. एकदा मी विचारलं, काढू का खाली. ती म्हणाली, "त्यातली पेनं केव्हाच वाळली असतील, आजी."

मी यंदा पाडव्याला एक झीन केलं. तळहाताएवढं, आठ पानांचं, सगळं तमिळमध्ये. माझा हात आता कापतो, त्यामुळे शाईचे थेंब पुष्कळ पडले. त्यांचे कावळे केले. मागच्या बाजूला एकच ओळ लिहिली, तिलाच वाचता यावी म्हणून घड्यांच्या अगदी आत. एकच प्रत. पाकिटात घालून सेलमला पाठवलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मेसबद्दल बोलली, परीक्षेबद्दल बोलली, माझ्या गुडघ्याचं विचारलं. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि ते पोचलं, आजी."

ते उलगडून पाहिलंस का, असं मी विचारलं नाही.